जाड पिक्सेल फॉण्ट देवनागरीत: आधी ओळी मोजा, मग अक्षरं काढा

जुन्या व्हिडिओ गेमसारखं जाड, चौकोनी अक्षर इंग्रजीत फुकट मिळतं आणि छानही दिसतं. गोची होते ती मराठी मजकूर आल्यावर. मग कुणीतरी आठ बाय आठचा तक्ता घेतो, अ पासून ज्ञ पर्यंत सगळी अक्षरं हौसेने काढतो आणि क्लासच्या बोर्डावर 'विद्यार्थ्यांना सवलत' लिहायला बसतो. रफार शिरोरेषेत घुसतो, अनुस्वार दिसेनासा होतो, 'द्य'चा नुसता ठोकळा होतो.

कारण बहुतेक वेळा एकच असतं. देवनागरीत जागा उभ्या दिशेने संपते आणि अक्षरं काढून झाल्यावर ती वाढवता येत नाही. म्हणून इथे क्रम उलटा आहे: आधी वापर, मग कठीण शब्द, मग ओळी आणि अक्षरं त्यानंतर.

साधनं फार लागत नाहीत. चौकटीची वही, आकार रचायला इंकस्केप आणि फॉण्ट बांधायला फॉण्टफोर्ज पुरेत. शेवटचे दोन्ही प्रोग्राम मोफत आहेत. मॅक असेल आणि खर्च करायची तयारी असेल तर ग्लिफ्स जास्त सोयीचं पडतं. पण पहिली दोन संध्याकाळची कामं वहीवरच करा.

टप्पा १: अक्षर कुठे दिसणार, ते लिहून काढा

तीन वापर आहेत आणि तिघांच्या अटी वेगळ्या.

पडदा, म्हणजे गेम, रील, वेबसाइट. इथे फॉण्टचा प्रत्येक चौकोन पडद्याच्या पूर्ण पिक्सेलवर बसायला हवा, नाहीतर कडा धूसर होतात.

छपाई आणि कटिंग, म्हणजे फ्लेक्स, दहीहंडी पथकाचे टी-शर्ट, विनाइल, ॲक्रिलिक. आकार कितीही मोठा केला तरी चालतो. पण विनाइल किंवा ॲक्रिलिक कापायचं असेल तर कोपऱ्याला कोपरा चिकटलेले चौकोन तिथेच तुटतात.

एलईडीचा पळता बोर्ड. दुकानांवर सर्रास दिसणारं पी-१० मॉड्यूल ३२ बाय १६ दिव्यांचं असतं आणि दोन दिव्यांमध्ये १० मिलिमीटर अंतर असतं. म्हणजे एक मॉड्यूल ३२ सेंटिमीटर रुंद आणि १६ सेंटिमीटर उंच. एका रांगेच्या बोर्डाला उंची सोळा दिव्यांचीच. त्यातच रफार, शिरोरेषा, अक्षर आणि उकार बसवायचा.

एकाच आराखड्यात तिन्ही भागवायचा मोह टाळा. पडदा आणि छपाईला वीस ओळींचा आराखडा चालतो, एलईडीला सोळा ओळींचा वेगळा काढावा लागतो. वीस ओळींचं चित्र दाबून सोळा ओळींत बसवलं की कुठली तरी रेघ गायब होतेच.

*जपून:* लांब मजकुराला हे अक्षर वापरू नका. दुकानाचं नाव, किंमत, गुणफलक, मथळा इथवर ठीक. सत्यनारायणाच्या निमंत्रणाचा अख्खा मजकूर यात टाकलात तर वाचणारा तारीख शोधत बसेल.

टप्पा २: कठीण शब्दांची यादी करा

'कमल', 'घर', 'नळ' लिहून फॉण्ट तपासणं म्हणजे स्वतःलाच फसवणं. या शब्दांत वर-खाली काहीच नाही.

ठाण्यात यादीसाठी लांब जावं लागत नाही. बसच्या पाट्या आणि चौकांची नावं पुरतात:

ब्रह्मांड, मुंब्रा, टेंभी नाका, कोर्ट नाका, वर्तकनगर, खोपट, सिद्धेश्वर तलाव, ज्ञानेश्वर नगर, कॅडबरी जंक्शन, घोडबंदर, जांभळी नाका, चितळसर मानपाडा.

'ब्रह्मांड' एकटाच निम्मी परीक्षा घेतो: ब ला रकार, मग ह्म, मग काना आणि वर अनुस्वार. 'मुंब्रा'त आधीच्या अक्षराला उकार आणि अनुस्वार, लगेच पुढच्याला रकार. 'खोपट' सोपा वाटतो, पण ख चे दोन भाग तळाशी नीट जोडले नाहीत तर तो 'रवोपट' होतो.

यात फ्लेक्सवरचे रोजचे शब्द घाला: हार्दिक शुभेच्छा, उद्घाटन, वर्धापनदिन, दुसऱ्या मजल्यावर, फक्त रुपये, बँक, ट्रॅफिक, कृपया, विद्यार्थ्यांना. 'श्रद्धांजली'ही घाला. तो शब्द या फॉण्टमध्ये कधीच छापू नका, पण श्र आणि द्ध तपासायला त्याच्याइतका सोयीचा शब्द नाही.

*तपासा:* यादीत रफार, रकार, अर्धचंद्र, चंद्रबिंदू, दोन्ही वेलांट्या, दोन्ही उकार, ऋकार, ळ आणि ऱ् निदान एकदा तरी आले का? नसतील तर शब्द वाढवा.

टप्पा ३: ओळींचा हिशेब

सगळ्यात जास्त वेळ इथे द्या.

देवनागरीची उंची चार पट्ट्यांत विभागा: वरचा पट्टा, शिरोरेषा, मधला पट्टा आणि खालचा पट्टा. जाड फॉण्ट म्हणजे रेघ दोन चौकोन जाड, असं धरून प्रत्येक पट्ट्याला किमान किती ओळी लागतात ते मोजू.

मधल्या पट्ट्याची उंची ह ठरवतो. त्यात तीन आडव्या रेघा येतात. दोन-दोन ओळींच्या तीन रेघा म्हणजे सहा. त्यांच्यामध्ये एकेक मोकळी ओळ, म्हणजे दोन. वर मानेला एक, खाली शेपटीला एक. एकूण दहा. ह दहा ओळींत बसला की बाकीची अक्षरं बसतातच. म्हणून पहिलं अक्षर ह काढा.

शिरोरेषा दोन ओळी. यात वाद नाही.

वरचा पट्टा चार ओळी. दुसऱ्या वेलांटीची कमान दोन ओळी जाड आणि कमान व शिरोरेषा यांच्यात दोन ओळी मोकळ्या. मोकळी जागा एकच ठेवली तर लांबून कमान शिरोरेषेला चिकटलेली दिसते. अनुस्वार तीन बाय तीनचा घ्या आणि त्याच्याखाली एक ओळ मोकळी सोडा. दोन बाय दोनचा अनुस्वार रेघेचा तुटलेला तुकडा वाटतो.

खालचा पट्टाही चार. उकाराला वळण घेऊन परत यायचं असतं, ट आणि ड च्या खालच्या रकाराला दोन पाय फाकवायचे असतात. तीन ओळींत दोन्ही सारखेच दिसायला लागतात.

बेरीज: चार, दोन, दहा, चार. वीस ओळी.

वीस हा आकडा आणखी एका कारणाने सोयीचा आहे. फॉण्टफोर्जमध्ये एका एमचे, म्हणजे फॉण्टच्या पूर्ण उंचीच्या मापाचे, १००० एकक धरले तर एक चौकोन बरोबर ५० एककांचा होतो. अक्षराचा पाय जिथे टेकतो ती आधाररेषा मधल्या पट्ट्याच्या तळाशी ठेवा. मग वर सोळा ओळी म्हणजे ८०० आणि खाली चार ओळी म्हणजे २००. फॉण्टफोर्जची नेहमीची विभागणीही हीच असल्यामुळे काही बदलावं लागत नाही.

एकाच ठिकाणी जाडीचा नियम मोडावा लागतो: 'बँक'मधला चंद्रबिंदू. चार ओळींत वरून टिंबाला एक, मोकळी एक, चंद्राच्या तळाला एक आणि शिरोरेषेपासून अंतर एक. म्हणजे टिंब दोन चौकोन रुंद पण एकच ओळ उंच. वहीवर विचित्र दिसतं, छापल्यावर चालून जातं. त्याच्यासाठी वरचा पट्टा पाच ओळींचा करणं परवडत नाही.

सोळा ओळींच्या एलईडी बोर्डाचा हिशेब वेगळा: वर तीन, शिरोरेषा एक, मध्ये नऊ, खाली तीन. इथे उभ्या रेघा दोन दिवे जाड आणि आडव्या एकच दिवा ठेवा. जुन्या आर्केड गेमांतली इंग्रजी अक्षरंही याच युक्तीने जाड दिसायची. उभी रेघ दुहेरी आणि आडवी एकेरी. देवनागरीला हे विशेष मानवतं, कारण आपली गर्दी आडव्या रेघांचीच असते.

*जपून:* इंग्रजीचा आठ ओळींचा आराखडा दुप्पट करून सोळा ओळींची जाड देवनागरी तयार होईल असं वाटतं. दुप्पट केल्यावर आडवी रेघही दोन ओळींची होते आणि ह ला मध्ये दहा ओळी लागतात. वर-खाली आणि शिरोरेषेला मिळून सहा उरतात, लागतात दहा.

टप्पा ४: पोकळी सांभाळा

जाड फॉण्ट वाचला जातो तो मोकळ्या जागेमुळे. रेघ जाड करणं सोपं आहे, ठ, ब आणि व यांची पोटं उघडी ठेवणं अवघड. नियम असा ठेवा: दोन उभ्या रेघांमध्ये निदान दोन चौकोन मोकळे, दोन आडव्यांमध्ये जमलं तर दोन, नाही जमलं तर एक. एकही नाही असं कधीच नाही. काही ठिकाणी पोकळी गोल करायचा मोह होतो, तिथे कोपऱ्याचा एक चौकोन उडवा, दोन नको. 'ठाणे' हा शब्द इथे कामाला येतो: ठ चं पोट आणि ण च्या दोन उभ्या रेघांमधली फट एकाच वेळी दिसते.

ज्या जोड्यांत गोंधळ होतो त्या शेजारी शेजारी काढून बघा: घ-ध, भ-म, थ-य, ख-रव, ड-ङ. ध, भ आणि थ यांची शिरोरेषा डावीकडे तुटते. ती फट एका चौकोनाची ठेवली तर फ्लेक्सवर शाई पसरून बुजते. दोन चौकोन हवेत.

ल आणि श मराठीचेच काढा, पाकळीयुक्त ल आणि देठयुक्त श. दंडाचा ल चौकोनांत काढायला सोपा आहे हे खरं. पण 'तलाव' लिहिल्यावर वाचणाऱ्याला काहीतरी परकं वाटतं, काय ते सांगता येत नाही. पाकळीला बारा चौकोनांची रुंदी द्या, मग ती मोकळी बसते.

*तपासा:* कागद हातभर लांब धरून डोळे बारीक करा. जे अक्षर काळा ठोकळा दिसतं त्याची रुंदी एक-दोन चौकोनांनी वाढवा. उंची वाढवायची नाही, ती ठरून गेली आहे.

टप्पा ५: आधी तुकडे, मग अक्षरं

अक्षरं सुटी सुटी काढत बसलात तर प्रत्येक कान्याची उंची वेगळी होईल. म्हणून आधी तुकडे पक्के करा: काना, शिरोरेषेचा तुकडा, व चं पोट, प चा खांदा, त ची शेपटी, दोन्ही वेलांट्या, मात्रा, रफार, उकार. व चं पोट पक्कं झालं की ब आणि क मधला मोठा भाग हातात येतो. प वरून ष, फ आणि ण, र वरून स आणि ख ची सुरुवात.

मात्रेची तिरकी रेघ नीट बघा. दोन चौकोन रुंदीची पायरी प्रत्येक ओळीला एकाच चौकोनाने सरकवा. मग वरच्या आणि खालच्या पायरीची कड एकमेकींना लागते. दोन चौकोनांनी सरकवली तर पायऱ्या फक्त कोपऱ्याने टेकतात. पडद्यावर ते चालतं, कटिंगच्या यंत्रावर मात्रेचे तुकडे होतात.

शिरोरेषा अक्षराच्या पूर्ण रुंदीभर, दोन्ही टोकांपर्यंत न्या. डावी-उजवी मोकळी जागा शून्य. अक्षरांमधलं अंतर शिरोरेषेच्या खाली, रेघा आत घेऊन तयार करायचं.

टप्पा ६: रुंदीचे गट आणि पहिली वेलांटी

प्रत्येक अक्षराला मनाला येईल ती रुंदी देऊ नका. चारच गट ठेवा: आठ, दहा, बारा आणि चौदा चौकोन. र आठमध्ये, ट आणि ड दहामध्ये, बहुतेक अक्षरं बारामध्ये, क, फ, ख आणि झ चौदामध्ये.

याचं बक्षीस वेलांटीला मिळतं. पहिल्या वेलांटीची उभी रेघ अक्षराच्या आधी येते आणि कमान पुढच्या अक्षराच्या दंडापर्यंत पोहोचते. अक्षराची रुंदी बदलली की कमानीची लांबी बदलते. एकच वेलांटी सगळीकडे वापरली तर 'चितळसर'मध्ये बरोबर बसलेली कमान 'किसननगर'मध्ये अर्ध्यावर थांबते. चार गट असल्यामुळे चार वेलांट्या काढल्या की काम संपतं. वेलांटीची मोजण्याची रुंदी, म्हणजे पुढचं अक्षर सुरू होईपर्यंत धरली जाणारी जागा, फक्त तिच्या उभ्या रेघेपुरती ठेवा, कमान उजवीकडे त्या रुंदीच्या बाहेर लोंबू द्या.

जोडाक्षराआधीची वेलांटी, उदाहरणार्थ 'स्थिती'मधली, सगळ्यात लांब कमान मागते. तिच्यासाठी पाचवी, अठरा-वीस चौकोनांची कमान ठेवा.

टप्पा ७: जोडाक्षरं आणि वरच्या जोड्या

दंडाची अक्षरं सोपी. दंड काढला की अर्धं रूप तयार. क आणि फ यांची उजवी बाजू आखूड करा.

ट, ठ, ड, ढ, द, ह यांचा प्रश्न वेगळा आहे. छापील मजकुरात द्ध किंवा ट्ट एकाखाली एक रचतात, पण दहा ओळींत दोन मजली जाड अक्षर बसत नाही. इथे भीड न बाळगता पाय मोडा. 'उद्घाटन'मध्ये पाय मोडलेला द आणि पूर्ण घ बोर्डावर पटकन वाचला जातो, रचलेला द्घ लांबून नुसता डाग दिसतो. द्य, ह्म, श्र, क्ष, ज्ञ, त्र आणि द्ध एवढे मात्र स्वतंत्र काढा. मराठी डोळ्याला ते पाय मोडून बघवत नाहीत. द्ध ला सोळा चौकोनांची रुंदी द्या आणि ध चा भाग उजवीकडे सरकवा.

रु आणि रू विसरू नका. र ला उकार तळाशी लागत नाही, मध्ये कमरेला लागतो. दुकानाच्या बोर्डावर 'रुपये' शब्द येणारच.

'दुसऱ्या'मधला ऱ् हे मराठीचं खास अंग आहे. तो ऱ आणि पायमोडक्याच्या जोडीने येतो, काही कळफलकांवर र, पायमोडका आणि शून्य रुंदीचा जोडक (न दिसणारं जोडचिन्ह) अशाही क्रमाने येतो. दोन्ही क्रमांना तेच रूप मिळायला हवं. आकार पाच चौकोन रुंद, मधल्या पट्ट्याच्या बरोबर मध्यावर. वर सरकला तर मात्रा वाटतो.

आता वरच्या पट्ट्यातल्या जोड्या. रफार आणि अनुस्वार दोन वेगळी चिन्हं म्हणून सोडले तर ते एकमेकांवर बसतात. त्यांची एकत्र चित्रं काढा: रफार-अनुस्वार, मात्रा-अनुस्वार, मात्रा-रफार, दुसरी वेलांटी-अनुस्वार, दुसरी वेलांटी-रफार आणि दुसरी वेलांटी-रफार-अनुस्वार. रफार चार चौकोन, फट एक, अनुस्वार तीन, म्हणजे रफार-अनुस्वार आठ चौकोनांत बसतो. 'विद्यार्थ्यांना'मध्ये ही जोडी शेवटच्या कान्यावर येते, तेव्हा ती डावीकडे वाढेल अशी ठेवा.

टप्पा ८: वहीतून फॉण्टमध्ये

इंकस्केपमध्ये १००० बाय १००० चं पान घ्या, ५० ची जाळी लावा, जाळीला चिकटण्याची सोय चालू करा आणि चौकोन व आयत वापरून अक्षर रचा. झाल्यावर सगळे आयत निवडून युनियन करा, म्हणजे त्यांचा एकच आकार होतो. मग एसव्हीजी म्हणून जतन करून फॉण्टफोर्जमध्ये त्या त्या अक्षराच्या खिडकीत आयात करा. नंतर मोजण्याची रुंदी हाताने घाला: बारा चौकोन म्हणजे ६००.

*जपून:* वहीचा फोटो काढून ऑटोट्रेस करू नका. ट्रेस करणारा प्रोग्राम कोपरे गोल करतो आणि प्रत्येक रेघ दोन-चार एककांनी हलवतो. चौकोनी अक्षराचा सगळा जीव कोपऱ्यात असतो.

*जपून:* युनियन न करता सुटे चौकोन तसेच ठेवलेत तर पडद्यावर आणि पीडीएफमध्ये चौकोनांच्या मधून केसासारख्या पांढऱ्या रेषा दिसतात.

*तपासा:* कुठल्याही बिंदूवर क्लिक करा. आडवा आणि उभा, दोन्ही आकडे ५० ने भागले जायला हवेत. चिन्हं बसवण्यासाठी अँकर (चिन्ह अक्षराला कुठे टेकवायचं ते सांगणारे बिंदू) वापरलेत तर त्यांचेही.

इंग्रजी अक्षरं आणि अंकही स्वतः काढा. प्रेस स्टार्ट टू पी सारखा तयार फॉण्ट शेजारी ठेवायचा विचार असेल तर हिशेब करून बघा. तो आठ ओळींचा आहे. तुमचा फॉण्ट ४० पिक्सेलवर ठेवला तर एक चौकोन दोन पिक्सेलचा होतो. तेवढाच चौकोन त्या फॉण्टमध्ये हवा असेल तर तो १६ वर ठेवावा लागेल आणि मराठीशेजारी इंग्रजी मुंगीएवढी दिसेल. मोठी केली तर चौकोन वेगळ्या मापाचे होतात. एकाच पोस्टरवर दोन मापांचे चौकोन ही या शैलीतली सगळ्यात बटबटीत चूक. कॅपिटल अक्षरं दहा ओळींची काढली की देवनागरीशी जमतात.

टप्पा ९: फीचर लिहा

चित्रं काढली म्हणून जोडाक्षरं आपोआप होत नाहीत. कुठल्या क्रमाला कुठलं चित्र लावायचं ते फॉण्टच्या आतल्या ओपनटाइपच्या नियमांत, म्हणजे 'फीचर'मध्ये, लिहावं लागतं. साध्या मजकूर-फाइलमध्ये नियम लिहून ती फॉण्टफोर्जमध्ये आयात करणं सोपं, खिडक्यांत क्लिक करत बसणं वेळखाऊ.

लिपीचे दोन टॅग असतात, नवा 'डीईव्ही२' आणि जुना 'डीईव्हीए'. नवा हवाच. नियम या गटांत टाका: क्ष आणि ज्ञ 'एकेएचएन'मध्ये, रफार 'आरपीएचएफ'मध्ये, अर्धी रूपं आणि ऱ् 'एचएएलएफ'मध्ये, द्य-ह्म-द्ध 'सीजेसीटी'मध्ये, वेलांटीच्या लांब्या 'पीआरईएस'मध्ये, वरच्या जोड्या 'एबीव्हीएस'मध्ये. वेलांटी अक्षराच्या आधी नेण्याचं आणि रफार मागे नेण्याचं काम मात्र तुमचं नाही. ते मजकूर मांडणारं इंजिन करतं. ते नियमांत लिहायला गेलात तर वेलांटी दोनदा हलते.

ओळींमधलं अंतर दोन चौकोनांचं, म्हणजे १०० एकक ठेवा. नाहीतर वरच्या ओळीतला उकार खालच्या ओळीतल्या रफाराला भिडतो.

टप्पा १०: तपासणी

टप्पा २ ची यादी एका साध्या एचटीएमएल पानावर टाका आणि क्रोम, फायरफॉक्स आणि अँड्रॉइड फोन, तिन्हीकडे उघडा. मग लिबरऑफिस. फॉण्टफोर्जच्या आतल्या झलकेवर विसंबू नका.

एखादा शब्द एकीकडे बरोबर आणि दुसरीकडे चूक दिसला तर बहुधा टॅग राहिलेला असतो. सगळीकडे सारखाच चूक दिसला तर नियम चुकला आहे. गोल ठिपक्यांचं वर्तुळ दिसलं तर टंकलेखनाचा क्रम चुकला आहे, फॉण्टचा दोष नाही.

फोटोशॉपच्या जुन्या आवृत्तीत तपासताना टाइपच्या पसंतीत वर्ल्ड-रेडी लेआउट चालू आहे ना, ते आधी बघा. ते बंद असेल तर चांगल्या फॉण्टचीही जोडाक्षरं फुटतात आणि माणूस विनाकारण फॉण्ट दुरुस्त करत बसतो.

टप्पा ११: काम हातावेगळं करताना

*पडद्यासाठी:* आकार २०, ४०, ६०, ८० पिक्सेल असाच. ३२ किंवा ५० नाही. विंडोजमध्ये डिस्प्ले १२५ टक्क्यांवर असेल तर २० चे २५ होतात आणि कडा धूसर दिसतात, तेव्हा तपासताना तो १०० वर आणा. फोटोशॉपमध्ये अक्षराचं अँटी-एलियास (कडा मऊ करण्याची सोय) 'नन' ठेवा. चित्र मोठं करायचं असेल तर निअरेस्ट नेबर निवडा आणि पूर्ण पटीतच वाढवा.

*फ्लेक्ससाठी:* दुकानदाराकडे कोरलड्रॉची कुठली आवृत्ती आहे ते विचारा. एक्स-६ च्या आधीच्या आवृत्त्यांत युनिकोड देवनागरी नीट जुळत नाही. त्यामुळे फॉण्टची फाइल देण्यापेक्षा मजकूर कर्व्हमध्ये, म्हणजे नुसत्या आकारांत, बदलून पीडीएफ द्या. ती व्हॉट्सॲपवर डॉक्युमेंट म्हणून पाठवा. फोटो म्हणून गेलेलं चित्र दाबलं जातं आणि चौकोनांच्या कडेला राखाडी कचरा जमतो.

दुकानाचा नामफलक असेल तर आणखी एक मोजमाप. राज्याच्या २०१७ च्या दुकाने व आस्थापना अधिनियमात २०२२ मध्ये झालेल्या दुरुस्तीनुसार फलकावर देवनागरीतली मराठी सुरुवातीला हवी आणि तिची अक्षरं इतर लिपीपेक्षा लहान चालत नाहीत. इंग्रजी दहा ओळींची आणि मराठी शिरोरेषेपासून पायापर्यंत बारा ओळींची असेल तर अडचण नाही. फक्त दोन्ही मजकूर एकाच आकारात ठेवा. इंग्रजी ओळ वेगळी धरून ताणू नका.

*विनाइल आणि ॲक्रिलिकसाठी:* कर्व्ह केल्यावर शेजारच्या अक्षरांच्या शिरोरेषा एकमेकींना नुसत्या टेकलेल्या असतात, एकजीव नसतात. यंत्र ती शिवणसुद्धा कापतं आणि शब्दाची अक्षरं सुटी होतात. शब्द निवडून वेल्ड करा, म्हणजे तो एकजीव होतो. मग वायरफ्रेममध्ये (नुसत्या कडा दाखवणाऱ्या दृश्यात) बघा: शिरोरेषेच्या आत एकही उभी रेघ दिसता कामा नये. ॲक्रिलिकमध्ये अनुस्वार सुटाच निघतो, तो मागच्या पाटीवर चिकटवावा लागेल हे गिऱ्हाइकाला आधीच सांगा.

*टी-शर्टसाठी:* पथकाचं नाव छातीवर एका ओळीत बसवण्याच्या नादात अक्षर आडवं दाबू नका. चौकोनांचे आयत होतात आणि सगळी शैली जाते. दोन ओळी करा.

*एलईडीसाठी:* बोर्डाच्या सॉफ्टवेअरमध्ये मराठी थेट टाइप केली तर बऱ्याचदा जोडाक्षरं फुटतात. सोळा ओळींच्या आराखड्यातून संदेश चित्र म्हणून तयार करा: काळी पार्श्वभूमी, पांढरी अक्षरं, दोनच रंगांची बीएमपी, उंची बरोबर १६ पिक्सेल. एका मॉड्यूलमध्ये साधारण तीन अक्षरं मावतात, त्यामुळे 'दुसऱ्या मजल्यावर' स्थिर दाखवायला तीन-चार मॉड्यूल लागतील. तेवढी नसतील तर मजकूर पळता ठेवा आणि चित्राच्या शेवटी ३२ पिक्सेल रिकामे सोडा, म्हणजे शेवटचं अक्षर आणि पुन्हा येणारं पहिलं अक्षर एकमेकांना चिकटणार नाहीत. बोर्ड भिंतीवर चढवण्याआधी जमिनीवर लावून रस्त्याच्या पलीकडून वाचून बघा, तेही दिवसा. रात्री सगळेच बोर्ड वाचता येतात.